दोन रिकामे दिवस : ‘ब्लॅक स्वान’च्या बिनपगारी इंटर्नचा खटला

अलेक्झांडर फूटमन २९ सप्टेंबर २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका चित्रपटाच्या निर्मिती कार्यालयात इंटर्न म्हणून रुजू झाला. त्याच वर्षी तो वेस्लियन विद्यापीठातून चित्रपट अभ्यासाची पदवी घेऊन बाहेर पडला होता. दिवसाला साधारण दहा तास, आठवड्याला पाच दिवस, पगार काही नाही. नोव्हेंबरपासून त्याने पाचाचे तीन दिवस केले. त्यावर कार्यालयाने त्याच्या विभागात आणखी एक इंटर्न घेतला. तोही बिनपगारी.

पुढे हा वाद पाच वर्षं न्यायालयात चालला, दोन न्यायालयांनी दोन वेगळी उत्तरं दिली, आणि शेवटी तडजोड झाली. अमेरिकेतल्या बिनपगारी इंटर्नशिपबद्दल बोलताना आजही याच खटल्यापासून सुरुवात करावी लागते. मी हे प्रकरण जेव्हा जेव्हा उघडतो, तेव्हा या दोन रिकाम्या दिवसांपाशी थांबतो. शिकणारा माणूस दोन दिवस आला नाही, तर त्याचंच शिकणं मागे पडतं. बाकी कुणाचं काही अडत नाही. त्याच्या गैरहजेरीने दुसरा माणूस आणावा लागत असेल, तर ती जागा शिकण्याची नव्हती, कामाची होती. आणि कामाची जागा असेल तर तिला पगार हवा. मला एवढंच म्हणायचं आहे, पण कायद्याला ते म्हणताना किती वळसे घ्यावे लागले हे बघण्यासारखं आहे.

कामं कोणती होती

चित्रपट ‘ब्लॅक स्वान’, दिग्दर्शक डॅरेन अरोनॉफ्स्की. खर्च सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने बेताचाच. डिसेंबर २०१० मध्ये तो प्रदर्शित झाला, जगभरात त्याने ३० कोटी डॉलरच्या वर धंदा केला आणि नॅटली पोर्टमनला ऑस्कर मिळालं. या खटल्याची चर्चा निघाली की हा ३० कोटींचा आकडा लगेच पुढे केला जातो. मला तो गौण वाटतो. चित्रपट साफ पडला असता तरी इंटर्नच्या तासांची किंमत तीच राहिली असती. घर किती रुपयांना विकलं गेलं यावर सुताराची मजुरी ठरत नाही.

दुसरा फिर्यादी एरिक ग्लॅट. हा काही कोवळा पोरगा नव्हता. एमबीए झालेला, चाळिशीला आलेला माणूस चित्रपटाच्या धंद्यात शिरण्यासाठी पुन्हा खालच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता. २ डिसेंबर २००९ पासून पुढचे साधारण तीन महिने तो हिशेब विभागात होता: सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, आठवड्याचे पाच दिवस. झेरॉक्स काढणं, कागद स्कॅन करून फायलींना लावणं, पर्चेस ऑर्डरचा माग ठेवणं, चित्रीकरणाच्या जागी जाऊन सह्या आणणं, कर्मचाऱ्यांच्या फायलींत कोणते कागद कमी आहेत ते बघणं. त्यानंतर मार्चपासून ऑगस्ट २०१० पर्यंत तो त्याच चित्रपटाच्या पुढच्या टप्प्यावर, आठवड्यातले काही दिवस, पुन्हा बिनपगारी होता. तिथे कपाटं लावणं, पत्रांची पाकिटं तयार करणं, बाहेरून जेवण मागवायची मेनूकार्डं नीट लावून ठेवणं आणि पडेल ते काम. एकदा अरोनॉफ्स्कींसाठी ॲलर्जी न होणारी उशी विकत आणायला त्याला पाठवलं गेलं. ही उशी पुढे अपील न्यायालयाच्या निकालपत्रातही नोंदली गेली.

फूटमनची यादी याहून लांब आहे. कार्यालयातलं फर्निचर आणून मांडणं, कचरा बाहेर टाकणं, जेवणाच्या ऑर्डरी घेणं, फोन उचलणं, कॉफी करणं, पटकथेच्या प्रतींवर वॉटरमार्क टाकणं, रोजची कॉल शीट तयार करणं, कलाकारांच्या राहण्याची सोय लावणं, दिग्दर्शकाला चहा नेऊन देणं. चित्रीकरण संपल्यावर तेच फर्निचर सोडवून विकायलाही तो होता.

या यादीत एक-दोन गोष्टी खरंच शिकण्याजोग्या आहेत. कॉल शीट म्हणजे उद्या कोण, कुठे, किती वाजता हजर हवं याचा तक्ता. तो करता करता निर्मितीचा अख्खा कारभार कळतो. ते मी नाकारत नाही. पण तो तक्ता पगारी माणसाने केला असता तर त्यालाही तेवढंच कळलं असतं, आणि महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात पैसेही पडले असते.

पैसे किती, हेही बघू. जुलै २००९ पासून अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, आणि आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट द्यावं लागतं. ग्लॅटचे नऊ ते सात, पाच दिवस म्हणजे, मधली सुट्टी वजा केली नाही तर, ५० तास. ४० तासांचे २९० डॉलर, वरच्या दहा तासांचे १०८.७५. आठवड्याला ३९९ डॉलरच्या आत. बारा-तेरा आठवड्यांचे मिळून पाच हजारांच्या आसपास. १ कोटी ३० लाखांच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही. ग्लॅटच्या घरी मात्र तीन महिन्यांचं भाडं त्यावर अवलंबून असतं. न्यूयॉर्कसारख्या शहरात तीन महिने बिनपगारी राहायचं तर मागे कुणीतरी पोसणारं लागतं. ज्याच्या मागे तसं कुणी नाही तो अर्जच करत नाही, आणि मग या धंद्यात पुढे कोण दिसणार हे त्या दारातच ठरून जातं.

१९४७ चे रेल्वे शिकाऊ

अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा, फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्ट, १९३८ चा आहे. त्यात ‘नोकरीवर ठेवणं’ याची व्याख्या फार रुंद आहे: एखाद्याला काम करू देणं, काम होऊ देणं, हेसुद्धा त्यात येतं. इंटर्न हा शब्द त्या कायद्यात नाही. मग फुकट इंटर्न ठेवायची वाट कुठून निघाली? ती १९४७ च्या एका निकालातून निघाली, वॉलिंग विरुद्ध पोर्टलंड टर्मिनल कंपनी.

रेल्वे यार्डात ब्रेकमन, म्हणजे डब्यांचे ब्रेक सांभाळणारा कामगार, व्हायचं तर आधी सात-आठ दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागे. उमेदवार पहिल्यांदा नुसता बघत उभा राहायचा. मग जाणत्या कामगाराच्या नजरेखाली थोडं थोडं काम त्याच्या हातात दिलं जायचं. कायमच्या कामगारांपैकी कुणाचीच जागा तो घेत नव्हता. उलट त्यांना आपलं काम सांभाळून त्याच्यावर लक्ष ठेवावं लागे, त्यामुळे काम अडखळायचंच. या उमेदवारांना त्या दिवसांचं वेतन लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. मला हा निकाल पूर्ण पटतो. उमेदवारी म्हणतात ती हीच: थोडे दिवस, शिकवणारा शेजारी, आणि शिकवण्याचा भार मालकावर.

या सात-आठ दिवसांच्या फटीतून पुढे आख्खे उन्हाळे, आणि मग सहा-सहा महिने, आत शिरले. १९४७ चा तो ब्रेकमन कामाचा खोळंबा करत होता. ग्लॅट खोळंबा निस्तरत होता.

आणखी एक गोष्ट कायद्यात आधीपासून आहे, आणि या चर्चेत तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. वीस वर्षांखालच्या नवख्या मुलांना नोकरीच्या पहिल्या ९० दिवसांत कमी दर देता येतो. १९९६ च्या दुरुस्तीने तो तासाला ४.२५ डॉलर ठरला. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुकानाच्या काउंटरवर उभी राहणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घ्या. तिने रात्री नऊपर्यंतच काम करायचं, दिवसाला आठ आणि आठवड्याला ४० तासांच्या वर नाही, हेसुद्धा कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणजे नवखा माणूस सुरुवातीला चुकतो, हळू चालतो, त्याला शिकवावं लागतं, हा सगळा विचार संसदेने केला होता. तो करून नवखेपणाची किंमत म्हणून तिने आकडा ठरवला ४.२५. शून्य नाही. शाळकरी मुलीला काउंटरवर जे संरक्षण आहे ते पदवी घेतलेल्या फूटमनला कार्यालयात नव्हतं, कारण त्याच्या कामाला नाव वेगळं दिलं होतं.

जून २०१३

सप्टेंबर २०११ मध्ये ग्लॅट आणि फूटमनने ‘ब्लॅक स्वान’मागच्या चित्रपट कंपनीवर, फॉक्स सर्चलाइटवर, दावा लावला. नंतर एक तिसरी फिर्यादी आली. तिने २००९ च्या उन्हाळ्यात फॉक्सच्या प्रसिद्धी विभागात बिनपगारी काम केलं होतं. कंपनीच्या चित्रपटांचा उल्लेख माध्यमांत कुठे कुठे आला त्याचं टिपण ती रोज सकाळी तयार करायची. तिच्या पदवीसाठी इंटर्नशिप सक्तीची होती.

कंपनीचा एक बचाव असा होता की ग्लॅट आणि फूटमन आमचे नव्हतेच. चित्रपटापुरती काढलेली लेक ऑफ टिअर्स ही वेगळी कंपनी होती, ते तिचे. जिल्हा न्यायाधीश विल्यम पॉली यांनी हे मानलं नाही. निर्मितीवरच्या लोकांना काढण्याचा अधिकार आणि खर्चावरचा ताबा फॉक्सकडे होता, तेव्हा जबाबदारीही फॉक्सची.

११ जून २०१३ चा पॉलींचा निकाल वाचताना दोन जागा मनात राहतात. पहिली: फूटमन काय शिकला? त्या कार्यालयापुरत्या गोष्टी सोडल्या तर नवीन कौशल्य काही नाही, आणि त्या गोष्टी कोणत्या, तर पटकथेवर वॉटरमार्क कसा टाकतात, तिथलं झेरॉक्स मशीन आणि कॉफीचं यंत्र कसं चालतं. दुसरी जागा त्याहून मोलाची. ग्लॅटच्या वरिष्ठानेच सांगितलं होतं की त्याने हे काम केलं नसतं तर माझ्या दुसऱ्या माणसाला जास्त वेळ थांबावं लागलं असतं, नाहीतर पगारी सहायक किंवा आणखी एक इंटर्न घ्यावा लागला असता. हे फिर्यादीच्या वकिलाचं म्हणणं नव्हे, त्याच कार्यालयातल्या माणसाचं आहे. पॉलींनी दोघांनाही कर्मचारी ठरवलं. अनुभव, बायोडेटावरची ओळ, शिफारस, हे सगळं त्यांना मिळालं खरं. पण ते कुठल्याही नोकरीत आपोआप मिळतंच, ते शिकवण्यासाठी मुद्दाम काही केलं गेलं नव्हतं.

‘पण त्यांना पगार नाही हे आधीच माहीत होतं ना?’ हा प्रश्न लोक हमखास विचारतात, आणि तो प्रामाणिकपणे विचारतात. याचं उत्तर १९८५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने दिलं आहे. अलामो फाउंडेशन या धार्मिक संस्थेच्या व्यवसायांत लोक अन्न, वस्त्र, निवारा यांच्या मोबदल्यात काम करत होते आणि आम्हाला पगार नकोच असं स्वतः सांगत होते. तरीही ते कर्मचारीच ठरले. किमान वेतनाचा हक्क सोडून देता येत असता, तर गरज असलेल्या प्रत्येक माणसाकडून मालकाने तो सोडवूनच घेतला असता. आणि एकाने सोडला की शेजारच्यालाही सोडावा लागतो. फुकट माणूस मिळत असेल तर सहायकाची पगारी जागा कोण काढणार?

कसोटी बदलली

फॉक्सने अपील केलं. २ जुलै २०१५ रोजी सेकंड सर्किट अपील न्यायालयाने पॉलींचा निकाल रद्द केला. पॉलींनी कामगार खात्याची २०१० ची सहा मुद्द्यांची कसोटी वापरली होती. मालकाला इंटर्नच्या कामाचा तात्काळ फायदा होता कामा नये, हा तिच्यातला सर्वात कडक मुद्दा. अपील न्यायालयाला ती फार ताठर वाटली. न्यायमूर्ती जॉन वॉकर यांनी लिहिलेल्या निकालाने वेगळा प्रश्न विचारला: या नात्यात मुख्य लाभ कुणाचा, इंटर्नचा की मालकाचा? तो तोलायला सात मुद्दे दिले. पगार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं का, शिकवणं शाळा-कॉलेजसारखं होतं का, अभ्यासक्रमाशी किंवा क्रेडिटशी (पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या श्रेयांकांशी) ते जोडलेलं होतं का, कॉलेजचं वेळापत्रक सांभाळलं का, शिकणं चालू असेपर्यंतच मुदत होती का, पगारी माणसांची जागा घेतली का, पुढे नोकरीचं आश्वासन होतं का. यातला कुठलाही एक मुद्दा निर्णायक नाही. सगळ्यांचा मिळून विचार करायचा.

या निकालातला एक भाग मला मान्य आहे. मालकाला काडीचाही उपयोग होऊ नये असं म्हटलं, तर इंटर्नला नुसतं खुर्चीत बसवून ठेवावं लागेल. खऱ्या कामाला हात लावल्याशिवाय कुणी काही शिकत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाचाच तो भाग आहे, ज्याच्यासाठी कुणी वेळ काढून शिकवतंय, त्याचा हिशेब वेगळा असावा.

पण ग्लॅट तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठात बिगरपदवी अभ्यासक्रम करत होता आणि त्याला या कामाचं क्रेडिट मिळत नव्हतं. फूटमनचं कॉलेज संपलेलं होतं. कॉलेजची कसोटी अशांना लावून काय मोजणार? दुसरी अडचण क्रेडिटचीच आहे. अमेरिकेत बऱ्याच कॉलेजांत क्रेडिटचे पैसे भरावे लागतात. उन्हाळ्यात क्रेडिटसाठी बिनपगारी इंटर्नशिप करणारा विद्यार्थी म्हणजे काम करण्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे देणारा. त्याच्या क्रेडिटमुळे मालकाची बाजू मात्र भक्कम होते.

सगळ्यात मोठं नुकसान शांतपणे झालं. मुख्य लाभ कुणाचा हे प्रत्येक इंटर्नचं वेगवेगळं बघायचं ठरल्यावर, अनेकांनी मिळून एकच दावा लावणं कठीण झालं. पॉलींनी दिलेली सामूहिक दाव्याची परवानगीही या निकालाने रद्द झाली. आता पाच हजार डॉलरसाठी एकट्याने हॉलिवूडच्या कंपनीवर दावा कोण लावणार? वकिलाचाच खर्च त्याहून जास्त. आणि ज्याला त्या धंद्यात पुढे जायचं आहे त्याच्यासाठी पहिल्याच मालकाला कोर्टात खेचणं म्हणजे पुढची दारं स्वतःच्या हाताने बंद करणं. फिर्याद लावताना ग्लॅट चाळिशी ओलांडलेला होता, हा मला योगायोग वाटत नाही. ग्लॅट पुढे कायदा शिकायला गेला.

सात मुद्द्यांत पगारी माणसाची जागा घेतली का हा मुद्दा आहे, हे खरं. तो सातांतला एक झाला, हीच माझी तक्रार आहे. तो पहिला हवा होता. त्या वरिष्ठाने दिलेली कबुली आणि फूटमनच्या दोन दिवसांसाठी आणलेला माणूस, एवढ्यावर इंटर्नशिप की नोकरी हे ठरायला हवं. क्रेडिट आणि वेळापत्रकाची चर्चा त्यानंतर.

बाहेर काय बदललं

न्यायालयात मागे हटावं लागलं तरी बाहेर बराच फरक पडला. पॉलींच्या निकालानंतर अनेक कंपन्यांवर दावे लागले. काँदे नास्ट या मासिकांच्या कंपनीने ऑक्टोबर २०१३ मध्ये आपला इंटर्नशिप कार्यक्रमच बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०१४ मध्ये ५८ लाख डॉलरवर तडजोड केली. एनबीसी युनिव्हर्सलने त्याच वर्षी ६४ लाखांवर. कार्यक्रम बंद करणं हा माझ्या मते वाईट परिणाम होता. पगार देऊन तो चालू ठेवता आला असता. व्हाइट हाउसने आपल्या इंटर्नना पगार द्यायला २०२२ च्या शरद ऋतूत सुरुवात केली.

पगाराच्या पलीकडची एक बाब याच काळात उघडी पडली. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयाने एका बिनपगारी इंटर्न तरुणीच्या लैंगिक छळाच्या तक्रारीवर निकाल दिला. शहराच्या मानवी हक्क कायद्याखाली ती टिकली नाही, कारण पगार नाही म्हणजे ती कर्मचारी नाही, आणि कर्मचारी नाही म्हणजे संरक्षण नाही. २०१४ मध्ये शहराने कायदा बदलला. पगाराची चिठ्ठी म्हणजे नुसते पैसे असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

जानेवारी २०१८ मध्ये कामगार खात्याने आपले सहा मुद्दे मागे घेतले आणि अपील न्यायालयाचे सात स्वीकारले.

फॉक्सचा खटला नव्या कसोटीवर पुन्हा तपासण्यासाठी खाली पाठवला होता. ती तपासणी झालीच नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात तडजोड झाली. ग्लॅटला ७,५०० डॉलर, फूटमनला ६,०००, तिसऱ्या फिर्यादीला ३,५००. दिग्दर्शकाची उशी आणणं हे शिक्षण की काम, यावर सात मुद्द्यांनी तोलून कुणी निकाल दिला नाही. तडजोडीत येणाऱ्या इतर इंटर्नना प्रत्येकी जास्तीत जास्त ४९५ डॉलर ठरले. ७.२५ च्या दराने ते ६८ तास होतात. फूटमनसारखे रोज दहा तास भरणाऱ्याचे तेवढे तास कामाच्या सातव्या दिवशी पुरे होतात.